एका ब्लड टेस्टमध्ये पन्नास कॅन्सर: घरातल्या तिघांना एकच उत्तर चालणार नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये एक नवीन ब्लड टेस्ट आलीय, एकाच नमुन्यात पन्नासहून जास्त कॅन्सर लवकर पकडते म्हणतात. तुमचं वय ४६, आई ६६, वडील ७०, मावशी दोन वर्षांपूर्वी स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेली, त्यामुळे सगळ्यांनीच धसका घेतलाय, तर तिघांचीही करून टाकावी का, का त्यापेक्षा स्वस्तातलं ट्युमर मार्करचं, म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणाऱ्या काही पदार्थांचं पॅनेल पुरेल. आणि शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीय की वडिलांचं वजन चार-पाच महिन्यांत सहा किलो उतरलंय, हिमोग्लोबिन ९.४ आलं म्हणून लोहाच्या गोळ्या चालू केल्यात, तर "ते पण यातच कळून जाईल".

मी फिजिशियन आहे, ओपीडीत हल्ली हा प्रश्न बऱ्याचदा येतो, आणि जवळजवळ दर वेळी खरा मुद्दा त्या शेवटच्या ओळीतच असतो. म्हणून आधी वडिलांचं बोलू, टेस्टचं नंतर.

वडिलांना स्क्रीनिंग नकोय, निदान हवंय. या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत. स्क्रीनिंग कुणाचं करायचं, तर ज्याला काहीही त्रास नाही त्याचं. सत्तर वर्षांच्या माणसाचं न ठरवता वजन उतरतंय आणि रक्त कमी झालंय, म्हणजे शरीर आधीच काहीतरी सांगतंय. आधी फेरिटिन बघा, लोहच कमी आहे का ते नक्की होईल. लोहच कमी असेल तर या वयाच्या पुरुषात रक्त पोटातून कुठेतरी जातंय असं धरून चालायचं, आणि तसं नाहीये हे सिद्ध होईपर्यंत शोधत राहायचं, म्हणजे वरून दुर्बीण आणि खालून कोलोनोस्कोपी दोन्ही. कारण अल्सर निघेल, साधी मूळव्याध निघेल, शोषणाचा दोष निघेल, किंवा मोठ्या आतड्यात गाठ निघेल, आत्ता काहीच सांगता येत नाही. नुसत्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वर येईल आणि सगळे निश्चिंत होतील, ते मला जास्त धोकादायक वाटतं. आणखी एक, लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं त्यामुळे रक्तामुळे आलेला काळेपणा लपतो, आणि कोलोनोस्कोपीच्या आधी साधारण आठवडाभर या गोळ्या थांबवायला सांगतात, नाहीतर आत नीट दिसत नाही, तर अपॉइंटमेंट घेताना गोळ्या चालू आहेत हे आठवणीने सांगा.

"पण ती ब्लड टेस्ट पण करून घेतली तर काय बिघडलं?" बिघडतं ते असं. २०२३ मध्ये याच प्रकारच्या टेस्टचा सिम्प्लिफाय नावाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, इंग्लंड आणि वेल्समधला, पाच हजारांहून जास्त लोक, आणि सगळे लक्षणं असलेले, म्हणजे डॉक्टरांनी कॅन्सरच्या शंकेने पुढे पाठवलेले. त्यात खरोखर कॅन्सर निघालेल्यांपैकी साधारण ६६ टक्क्यांना टेस्टने पकडलं. म्हणजे लक्षणं असूनही तिघांतला एक सुटला. आता वडिलांची टेस्ट निगेटिव्ह आली तर घरात काय होईल तुम्हीच सांगा. कोलोनोस्कोपीची तारीख पुढे जाईल, "एवढी भारी टेस्ट नॉर्मल आलीय, कशाला त्या नळ्या घालायच्या" असं स्वतः वडीलच म्हणतील.

आता टेस्ट. ही काय बघते हे कळलं की तिच्या मर्यादा आपोआप कळतात. आपल्या सगळ्यांच्याच रक्तात डीएनएचे मोकळे तुकडे फिरत असतात, पेशी मरतात तेव्हा ते सुटतात आणि तास-दोन तासांत साफही होतात. हे १९४८ पासून माहितीये. कॅन्सरच्या पेशीही असे तुकडे सोडतात. त्या तुकड्यांवर मिथायलेशनच्या खुणा असतात, कुठलं जनुक चालू कुठलं बंद ठेवायचं याच्या, आणि त्या प्रत्येक अवयवात वेगळ्या असतात, कॅन्सरमध्ये आणखी बिघडतात. गॅलेरीसारख्या टेस्ट या खुणांचा पॅटर्न वाचून दोन गोष्टी सांगतात, कॅन्सरचा सिग्नल आहे की नाही, आणि असलाच तर कुठल्या अवयवाकडून येत असावा. नुसते जनुकीय बदल शोधले तर एक वेगळीच भानगड होते, वय वाढतं तसे रक्ताच्या निरोगी पेशींमध्येही छोटे बदल साठत जातात आणि ते कॅन्सरसारखे दिसतात, म्हणून बरेच जण मिथायलेशनकडे वळले. कल्पना हुशार आहे, यात शंका नाही.

अडचण आहे ती प्रमाणाची. एका नळीतल्या प्लाझ्मामधून, म्हणजे रक्ताच्या पातळ भागातून, काही हजार जनुकसंचांएवढाच (संपूर्ण डीएनएच्या काही हजार प्रतींएवढाच) मोकळा डीएनए मिळतो. गाठ लहान असेल तर तिचा वाटा दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी असू शकतो. विहिरीत चिमूटभर रंग टाकलाय आणि तुम्ही एकच तांब्या पाणी काढलं, त्यात तो कण आलाच नाही तर जगातलं कुठलंही मशीन तो दाखवू शकत नाही. म्हणजे टेक्नॉलॉजी कितीही सुधारली तरी ही अडचण काही प्रमाणात राहणारच.

आकड्यांत बघायचं तर २०२१ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात गॅलेरीने पहिल्या स्टेजचे साधारण १७ टक्के कॅन्सर पकडले, दुसऱ्या स्टेजचे ४०, तिसऱ्या स्टेजचे ७७ आणि चौथ्या स्टेजचे ९०. जाहिरातीत "लवकर" हा शब्द मोठ्या अक्षरात असतो, पण सगळ्यात लवकरच्या स्टेजलाच ती सगळ्यात कच्ची आहे. आणि अवयवाप्रमाणेही फार फरक पडतो, लिव्हर, स्वादुपिंड हे रक्तात बरंच डीएनए सोडतात, तर प्रोस्टेटचे ११ टक्के आणि किडनीचे १८ टक्केच सापडले, थायरॉइडचा तर एकही नाही. "पन्नास कॅन्सर" म्हणजे पन्नासही सारख्याच खात्रीने पकडते असा अर्थ होत नाही.

२०२१ च्या या अभ्यासातले हे आकडे आधीच निदान झालेल्या लोकांवरचे होते. रोजच्या आयुष्यातली निरोगी माणसं घेतली तर? पाथफाइंडर नावाचा अभ्यास तसा होता, अमेरिकेत, पन्नाशीच्या पुढचे ६,६२१ लोक. ९२ जणांना सिग्नल आला. त्यातल्या ३५ जणांना खरंच कॅन्सर निघाला, ५७ जणांना नाही. आणि त्याच वर्षभरात या सगळ्या लोकांत मिळून १२१ कॅन्सर सापडले, म्हणजे ३५ टेस्टने आणि बाकीचे ८६ नेहमीच्या स्क्रीनिंगने, लक्षणांमुळे, किंवा असेच. नंतरच्या मोठ्या अभ्यासात आकडे सुधारलेत हे मान्य करायला हवं, पॉझिटिव्ह आलेल्यांत खरा कॅन्सर निघण्याचं प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास गेलं, पण तरीही वर्षभरातल्या कॅन्सरपैकी अर्ध्याहून जास्त टेस्टमधून सुटलेच. म्हणून मी पेशंटला सरळ सांगतो, निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे "कॅन्सर नाही" असं लिहून दिलेलं सर्टिफिकेट नाही, त्याच्या जोरावर दुसरी एकही तपासणी सोडायची नाही.

आता वयाचा हिशोब, कारण तो तुम्हाला स्वतःला लागू आहे. समजा साठीच्या आसपासचे दहा हजार लोक घेतले आणि त्यातल्या शंभर जणांना वर्षभरात कॅन्सर निघणार आहे. टेस्टने ३५ पकडले. उरलेल्या ९,९०० निरोगी लोकांत दोनशेत एक याप्रमाणे सुमारे ५० जणांना खोटा सिग्नल येईल. म्हणजे पॉझिटिव्ह ८५, खरे ३५, दहातले चार. आता चाळिशीतले दहा हजार घ्या, त्यात समजा वीसच जणांना कॅन्सर आहे. खरे पॉझिटिव्ह ७, खोटे तेच ५०, म्हणजे आठातला एक खरा. टेस्ट तीच, लॅब तीच, मशीन तेच, पण तुमच्या वयाला पॉझिटिव्ह रिपोर्टचा अर्थ पार बदलला. हा गणिताचा भाग कुठल्याही पॅकेजच्या माहितीपत्रकात मला अजून दिसलेला नाही.

आणि त्या खोट्या पॉझिटिव्हचं पुढे काय होतं, हा माझ्या रोजच्या कामातला भाग आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. रिपोर्टवर समजा लिहिलंय "पित्तनलिका किंवा लिव्हर". आधी सोनोग्राफी, मग सीटी किंवा एमआरआय. काही नाही दिसलं. आता? साध्या टेस्टमध्ये काही नाही निघालं तर आपण थांबतो, इथे थांबवत नाही, कारण त्या माणसाच्या हातात "कॅन्सर सिग्नल आढळला" असा छापील कागद असतो. मग पेट स्कॅन. त्यात लिव्हर स्वच्छ, पण फुप्फुसात एक पाच मिलिमीटरचा ठिपका, थायरॉइडमध्ये एक गाठ, किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथीवर एक लहानशी सूज, या तिन्ही गोष्टी एका विशिष्ट वयाच्या पुढे कित्येकांत असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात, पण आता प्रत्येकीचा वेगळा पाठपुरावा सुरू. पाथफाइंडरमध्ये ज्यांना कॅन्सर नव्हता त्यांचा निकाल लागायला मधला आकडा १६२ दिवसांचा होता, म्हणजे पाच महिन्यांहून जास्त. कॅन्सर असलेल्यांचा ५७ दिवस. म्हणजे ज्यांना काही झालेलंच नाही तेच जास्त दिवस टांगणीला राहिले. आणि "काही नाही" असं सांगून त्यांना घरी पाठवलं तरी प्रश्न तोच उरतो, खरंच नाही का अजून दिसत नाही. काही लोक हे शांतपणे झेलतात, काहींची झोप कायमची उडते, हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर आहे आणि टेस्टच्या आधी मी हा स्वभावच जास्त बघतो.

इथे कुणीतरी म्हणेल की पण लवकर सापडला तर जीव वाचतो ना. बरेचदा हो, नेहमी नाही. कॅन्सर आधी कळणं आणि माणूस जास्त जगणं या दोन गोष्टी आपण एकच धरतो. समजा एखाद्याचा मृत्यू ७० व्या वर्षी होणार आहे आणि उपचाराने तो बदलत नाही. निदान ६७ ला झालं तर तो निदानानंतर तीन वर्षं जगला, ६३ ला झालं तर सात वर्षं जगला. पाच वर्षं जगणाऱ्यांच्या आकड्यात तो आता यशस्वी धरला जाईल, पण आयुष्य एका दिवसानेही वाढलं नाही, फक्त पेशंट म्हणून जगण्याची चार वर्षं वाढली. उलट बाजूने, दक्षिण कोरियात सोनोग्राफीने थायरॉइड तपासायची लाट आली तेव्हा २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं, आणि त्याने होणारे मृत्यू होते तिथेच राहिले. म्हणजे जे कधीच त्रास देणार नव्हते तेच शोधून काढून कापले.

तरी सगळ्यात शिकण्यासारखा अभ्यास मला ब्रिटनमधला अंडाशयाच्या कॅन्सरचा वाटतो. दोन लाखांहून जास्त बायका, त्यातल्या साधारण पन्नास हजार जणींची दरवर्षी सीए-१२५ ही ब्लड टेस्ट, तीही नुसता एक आकडा नाही तर वर्षागणिक तो कसा चढतोय ते बघून, साधारण सोळा वर्षांचा पाठपुरावा. या गटात चौथ्या स्टेजच्या केसेस जवळपास चतुर्थांशाने कमी झाल्या, पहिल्या स्टेजच्या वाढल्या, सगळ्यांना वाटलं झालं काम. २०२१ मध्ये शेवटचा निकाल आला, तर अंडाशयाच्या कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंमध्ये काही फरक नाही. स्टेज खाली आली आणि मृत्यू तेवढेच राहिले. म्हणून इंग्लंडमध्ये २०२१ पासून १ लाख ४० हजारांहून जास्त लोकांवर गॅलेरीचा मोठा अभ्यास केला गेला त्याबद्दलही मी हेच म्हणतो, त्यातला मुख्य प्रश्न पुढच्या स्टेजचे कॅन्सर कमी होतात का हा होता, मृत्यू कमी होतात का हा नाही, आणि मला तरी दुसऱ्याचं उत्तर हवंय. मोठ्या आतड्याचं, गर्भाशयमुखाचं स्क्रीनिंग, जुन्या स्मोकर लोकांत फुप्फुसाचा लो डोस सीटी, यांनी मृत्यू कमी होतात हे दाखवलं गेलंय, म्हणूनच ते वर्षानुवर्षं टिकलंय.

ट्युमर मार्करच्या पॅनेलचं एका परिच्छेदात संपवतो, कारण त्यात दोन मतं नाहीत. सीईए, सीए १९-९, सीए-१२५ हे निदान झालेल्या पेशंटचा उपचार कसा चाललाय ते बघायला आहेत, निरोगी माणसात शोध घ्यायला नाहीत. सीईए सिगरेट ओढणाऱ्यांत वाढतं, सीए १९-९ पित्ताचे खडे अडकले, कावीळ झाली की वाढतं, आणि काही लोकांच्या शरीरात ते तयारच होत नाही त्यामुळे कॅन्सर असूनही नॉर्मल येतं. सीए-१२५ पाळीत, गरोदरपणात, एंडोमेट्रिओसिसमध्ये, पोटाच्या टीबीतही वाढतं. ऑफिसच्या पॅकेजमध्ये फुकट असेल तरी त्यावर टिक करू नका. पीएसए या प्रोस्टेटच्या ब्लड टेस्टची गोष्ट थोडी वेगळी आहे, तो डॉक्टरांशी बोलून, वय बघून करायचा निर्णय असतो.

आता आई. मावशी म्हणजे आईची सख्खी बहीण असं मी धरतोय. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये साधारण दहातल्या एकाला जन्मतःच आलेला जनुकीय दोष असतो, बीआरसीए२, बीआरसीए१, एटीएम, पाल्बी२ वगैरे जनुकांत. त्यामुळे अशा पेशंटच्या सख्ख्या नातेवाइकांनी जनुकीय सल्ला घ्यावा असं आता सुचवतात, आणि तुमच्या घरात ती नातेवाईक आई आहे. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, ही जनुकीय तपासणी म्हणजे ती पन्नास कॅन्सरवाली टेस्ट नव्हे. ती आज रक्तात कॅन्सरचे तुकडे आहेत का बघते, ही जन्मापासूनचा धोका किती ते बघते, एकदाच करायची असते. आईत दोष निघाला तर तुमच्यात तो असण्याची शक्यता निम्मी, मग तुमचीही तपासणी, आणि पुढे लागलंच तर स्वादुपिंडावर एमआरआय आणि दुर्बिणीतल्या सोनोग्राफीने लक्ष ठेवायचं, तेही ज्यांना त्याचा सराव आहे अशाच ठिकाणी. नाही निघाला तर बराच भार उतरला, पूर्ण नाही पण बराच. मावशीचे बायोप्सीचे रिपोर्ट घरात असतील तर घेऊन जा, तिची जनुकीय तपासणी तेव्हाच झाली होती का तेही विचारा, कारण कधीकधी ती झालेली असते आणि घरच्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि आईच्या बाजूला कुणाला स्तन, अंडाशय, प्रोस्टेट, मोठं आतडं यांचा कॅन्सर कितव्या वर्षी झाला ते एका कागदावर लिहून काढा. पुढच्या तपासण्या कुठल्या हे त्या कागदावरून जास्त नीट ठरतं.

तुमचं स्वतःचं. ४६ व्या वर्षी, त्रास काही नाही, तर मोठ्या आतड्याची तपासणी सुरू करायचं वय झालंय, स्क्रीनिंगच्या शिफारशी करणाऱ्या अमेरिकेच्या टास्क फोर्सने २०२१ मध्ये ते पन्नासवरून पंचेचाळीसवर आणलं. शौचातलं न दिसणारं रक्त तपासणारी फिट टेस्ट घरी करता येते. ब्लड टेस्टच हवी असा हट्ट असेल तर मोठ्या आतड्यासाठी वेगळी शील्ड नावाची टेस्ट आहे, २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालीय, कॅन्सर ८३ टक्के पकडते, पण पुढे कॅन्सर होऊ शकतो असे मोठे पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूचे कोंब) जेमतेम १३ टक्के, आणि कोलोनोस्कोपीचा खरा फायदा तर ते पॉलिप काढून टाकण्यातच आहे. तुम्ही बाई असाल तर गर्भाशयमुखासाठी एचपीव्ही टेस्ट आणि मॅमोग्राफी राहिलीय का बघा. सिगरेट ओढत असाल तर ती सोडण्याने जे होईल ते कुठलीही टेस्ट करणार नाही, हे सांगायची गरज नाही तरी सांगतो.

म्हणजे थोडक्यात आढावा घ्यायचा तर वडिलांना दुर्बीण, आईला जनुकीय सल्ला, तुम्हाला नेहमीचं स्क्रीनिंग, आणि ती पन्नास कॅन्सरवाली टेस्ट तिघांपैकी कुणालाच आत्ता पहिली नाही.

मग ती कुणालाच करू नये का? तसंही मी म्हणत नाही. पन्नाशीच्या पुढचा माणूस, नेहमीचं स्क्रीनिंग सगळं पूर्ण, धोका सरासरीपेक्षा जास्त, पॉझिटिव्ह आली तर पुढचे स्कॅन करायची तयारी आणि ऐपत दोन्ही, आणि खोटी निघण्याची शक्यता समजून घेऊनही करायची म्हणतोय, तर मी आडवा येत नाही. अंडाशय, स्वादुपिंड, लिव्हर यांच्यासाठी सर्वसामान्य माणसाला सुचवावं असं दुसरं स्क्रीनिंग नाहीये, त्यामुळे लोकांची ओढ मला कळते. उद्या मृत्यू कमी झाल्याचा पुरावा आला तर मीच लिहून देईन. पण आजच्या घडीला रोजच्या प्रॅक्टिसमध्ये सरसकट पॅकेजमध्ये टाकावी असं मला वाटत नाही, आणि गरोदरपणात किंवा कॅन्सरचा उपचार चालू असताना तर नाहीच.

ऑफिसवाल्यांना एक प्रश्न जरूर विचारा, की पॉझिटिव्ह आली तर पुढच्या तपासण्या कोण सांगणार, कोण बघणार आणि त्याचं बिल कोण भरणार. बहुतेक ठिकाणी पॅकेज रक्त घेण्यापाशी संपतं.

आणि कुणाची झालीच असेल आधी, तर निगेटिव्ह रिपोर्ट फाईलला लावा आणि विसरा, वर लिहिलेलं सगळं तसंच करायचं. पॉझिटिव्ह असेल तर घाबरून दुसऱ्या लॅबमध्ये तीच टेस्ट परत करत बसू नका, दोन रिपोर्ट वेगळे आले की कुणाचा खरा धरायचा हे कुणालाच ठरवता येत नाही. रिपोर्टमध्ये कुठला अवयव लिहिलाय तो बघून एकाच डॉक्टरकडे जा, तपासणी करणारे हात आणि निर्णय घेणारं डोकं एकच असू द्या, आणि कुठल्या टप्प्याला थांबायचं हे पहिल्या स्कॅनच्या आधीच त्यांच्याशी ठरवून घ्या. वडिलांची फेरिटिन मात्र याच आठवड्यात करा, आणि मध्येच चक्कर, धाप किंवा शौचातून लाल रक्त दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.